स्टन गनचा झटका उलटा आपल्यालाच बसतो का?

प्रश्न : नाइट शिफ्टमुळे घरी यायला रात्रीचा एक वाजतो, भाऊ म्हणतो स्टन गन (विजेचा झटका देणारं हातातलं यंत्र) घे, ऑनलाइन तर एक कोटी व्होल्टवाल्या पण दिसतायत. पण समोरच्याने मला धरलं असेल तर झटका मलाच बसेल ना?

उत्तर : नाही ताई, तो नाही बसत. करंट गनच्या पुढच्या दोन धातूच्या टोकांच्या मधल्या मधेच फिरतो, म्हणजे एका टोकातून निघून त्याच्या अंगातून दुसऱ्या टोकात, तुमच्यापर्यंत यायला वाटच नसते. आत साधी बॅटरी असते, सर्किट तिचा व्होल्टेज हजारोंच्या घरात नेतं पण करंट अगदी थोडा, म्हणून भाजण्यापेक्षा कळ येते आणि तिथले स्नायू आखडतात.

आणि ते एक कोटी व्होल्ट वगैरे विसरा! हवेत एक सेंटिमीटर ठिणगी उडायला साधारण ३० हजार व्होल्ट लागतात, म्हणजे एक कोटीला ठिणगी तीनेक मीटर उडायला हवी, आता टोकांमधलं अंतर बघा आणि तुम्हीच हिशोब करा.

खरी अडचण वेगळीच आहे, ही वस्तू अंगाला टेकवून तीनचार सेकंद दाबून धरावी लागते, जाड जॅकेट असेल तर अजून पंचाईत, आणि तोवर समोरचा काय गप्प उभा राहणारे? लांबून तारा सोडतो तो टेझर, तो वेगळा. मला विचाराल तर पेपर स्प्रे बरा, निदान हातभर लांबून तरी मारता येतो. तरीही स्टन गनच हवी असेल तर आधी पोलीस स्टेशनात लायसन्सचं विचारून घ्या. आणि हो, हार्टचा त्रास असलेल्याला झटका धोक्याचा ठरू शकतो, घरात गंमत म्हणून कुणावर ट्राय करू नका.