‘बाहेर गेलंय’ असं सांगू नकोस

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पालक आणि हायस्कूलचे एक सर आपल्या वाचनालयात तुझ्याकडे आले, कादंबरीतल्या तीन पानांच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या आणि ‘आठवड्यात हे पुस्तक इथून काढा’ म्हणाले. त्यांनी पाठ फिरवल्यावर कार्यकारी मंडळातल्या एका गृहस्थांनी तुला हळूच सुचवलं, ‘कशाला वाद? ठेवून दे कपाटात, चार महिन्यांत सगळे विसरतील.’ आणि तू विचारतेस, ‘बाई, काय करू?’

कपाटात ठेवू नकोस. इतकं ठामपणे सांगते, कारण मी एकदा ठेवलं होतं.

नोकरीचं माझं दुसरंच वर्ष होतं. अशीच एक कादंबरी, अशीच तक्रार, तीही तोंडी. मी घाबरले. संध्याकाळी पुस्तकांची देवघेव बंद झाल्यावर पुस्तक उचललं आणि कार्यालयातल्या लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांच्या मागे सारलं. कोणी सांगितलं नव्हतं, ठराव नव्हता, कागद नव्हता. कॉलेजात शिकणारा एक मुलगा त्या पुस्तकासाठी तीनदा आला. तिन्ही वेळा मी म्हणाले, ‘बाहेर गेलंय.’ तिसऱ्यांदा त्याने विचारलं, ‘परत कधी येणार?’ मी तारीखसुद्धा सांगितली. त्यानंतर तो आला नाही, पुस्तकासाठी नाही आणि वर्गणी भरायलाही नाही.

पुढे पुस्तकांची वार्षिक पडताळणी आली. दाखल पुस्तकांच्या नोंदवहीत त्या क्रमांकासमोर मी माझ्या अक्षरात ‘गहाळ’ लिहिलं. अकरा वर्षांनी कपाटाला रंग द्यायला खण रिकामा केला तेव्हा ते हाती लागलं. वाळवी लागली नव्हती, पान मुडपलेलं नव्हतं. आत चिकटवलेल्या देवघेवीच्या तारीखपत्रकावर शेवटचा शिक्का अकरा वर्षांपूर्वीचा आणि त्याखाली सगळ्या चौकटी कोऱ्या. त्या कोऱ्या चौकटींकडे मी बराच वेळ बघत बसले होते. मग लाल शाईने ‘गहाळ’ खोडलं, सही केली, पुस्तक मांडणीवर लावलं. तो लाल शेरा अजून तिथे आहे, आणि ती वही आज तुझ्या ताब्यात आहे. मुद्दाम उघडून बघ.

बंदी जाहीर झाली तर निदान भांडता तरी येतं. पुस्तकावर बंदी घालून ते जप्त करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. पण त्यासाठी सरकारला कारणं देऊन अधिसूचना काढावी लागते, आणि तिला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. तिथे तीन न्यायमूर्तींचं विशेष पीठ ते ऐकतं. म्हणजे सरकारनेसुद्धा जे कारण दिल्याशिवाय करायचं नाही, ते मी एका संध्याकाळी कोणालाही न विचारता करून टाकलं होतं. तुझ्याकडे आलेल्या पाच जणांनाही तो अधिकार नाही. हे त्यांना सांगताना आवाज चढवायची गरज नाही, पण सांग.

ते सर तुला म्हणाले ना, की ‘थोर साहित्य असतं तर गोष्ट वेगळी, हे तर सवंग आहे’? इथे फसू नकोस. ही कादंबरी किती थोर आहे, हे सिद्ध करायला बसू नकोस. ‘श्यामा’चा खटला तुला ठाऊक असायला हवा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ही कथा आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन मुली, असा विषय. अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं, पंचवीस रुपये दंड केला आणि अंकाच्या हाताशी असलेल्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ च्या ऑगस्टमध्ये सुटले. निकालात न्यायालयाने कथेची भलामण केलेली नाही. साहित्य म्हणून ती फार उंचीची नसेल, लेखकाचा अनुभव तोकडा दिसतो, असं म्हटलंय. पण संपूर्ण वाचली तर ती अश्लील ठरत नाही. आणि आपल्या कामाचं वाक्य त्यापुढे आहे: स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरवयीनांना वर्ज्य ठरवायची, तर त्या मुलांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. पंचावन्न वर्षांहून जुना हा निकाल मराठी कथेवरचा आहे आणि आपल्याच लोकांना माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘संपूर्ण वाचली तर’ हे शब्द धरून ठेव. तीन पानांची झेरॉक्स म्हणजे कादंबरी नव्हे.

आता दुसरी बाजू. आलेल्या पालकांना मूर्ख समजू नकोस. त्यांच्यातल्या एकीने विचारलेला प्रश्न तू पत्रात लिहिलास: ‘माझी मुलगी सहावीत आहे, तिने हे उचललं तर?’ हा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर आहे. बालविभाग वेगळा ठेवायचा, मोठ्यांच्या कादंबऱ्या तिथे नाहीत याची काळजी घ्यायची. मुलांच्या कार्डावर पुस्तक देताना आपण बघतोच. एखाद्या आईने ‘माझ्या मुलीला मला विचारल्याशिवाय देऊ नका’ म्हटलं, तर कार्डावर तशी नोंद कर. आपल्या लेकरापुरता तो तिचा हक्क आहे. शेजारणीच्या लेकरापुरता नाही, आणि चाळीस वर्षांच्या सभासदापुरता तर मुळीच नाही. पुस्तकाची जागा बदलणं आणि पुस्तक काढणं यांत फरक आहे. पण जागा बदलतानाही स्वतःला विचार: वाचकाला ते सापडणार आहे का? ‘मागून घ्यावं लागेल’ अशा जागी ठेवलं, तर लाजरा वाचक कधीच मागणार नाही.

शाळेचं थोडं वेगळं आहे. वर्गात नेमलेलं पुस्तक सगळ्यांना वाचावंच लागतं, म्हणून तिथे वय बघून निवड करणं हे शिक्षकांचं काम आहे. मात्र ती निवड शिकवणाऱ्यांनी, विचार करून, आधी करायची असते. २०१० साली मुंबई विद्यापीठात उलटं झालं. रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’ ही मुंबईतल्याच एका पारशी कुटुंबाची कादंबरी बीएच्या अभ्यासक्रमात होती. एका राजकीय पक्षाच्या विद्यार्थी संघटनेने प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी आपले विशेष अधिकार वापरून ती अभ्यासक्रमातून काढली. शिकणारी मुलं मतदानाच्या वयाची होती! त्या वर्षी आपल्याकडे काही वाचक मुद्दाम तीच कादंबरी मागायला आले. इंग्रजी प्रत आपल्याकडे नव्हती. मी मागवून घेतली.

एक गोष्ट मात्र मला अजून सतावते. सगळ्या तक्रारी शृंगाराच्या नसतात. एकदा एक वडील आले होते, कादंबरीत त्यांच्या जातीवरून दिलेली शिवी होती. मुलाला वर्गात तीच शिवी ऐकावी लागत होती. ‘तुमच्या पुस्तकातून शिकतात,’ ते म्हणाले. त्यांच्यासमोर मला निकाल बिकाल काही आठवला नाही. त्यांना बसवलं, ऐकून घेतलं. मग दया पवारांचं ‘बलुतं’ त्यांच्या हातात दिलं. १९७८ साली आलेल्या त्या आत्मकथनातही अपमानाचे शब्द जसेच्या तसे आहेत, पण ते सोसणाऱ्याच्या तोंडून. शब्द पाहून पुस्तकं वगळत गेलो, तर सर्वांत आधी हीच पुस्तकं जातील, ही माझी भीती मी त्यांना सांगितली. त्यांना पटलं की नाही, कोण जाणे. पुस्तक त्यांनी नेलं, ठरल्या तारखेला परत केलं, बोलले काहीच नाहीत. कादंबरी मी काढली नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटले, कारण त्या मुलाला होणारा त्रास खरा होता आणि तो मांडणीवरून एक पुस्तक उचलल्याने थांबणार नव्हता.

तर या आठवड्यात असं कर. त्या पाचही जणांकडून तक्रार लेखी घे. आक्षेप कोणत्या पानावर, का, आणि पुस्तक पूर्ण वाचलंय का, हे पाचही जणांनी आपापल्या सहीने लिहू दे. मंडळाच्या सभेत विषय ठेव आणि दोन सदस्यांना पुस्तक पूर्ण वाचायला सांग. निर्णय होईपर्यंत पुस्तक आहे तिथेच राहील, हे आधीच सांगून टाक. या एका मुद्द्यावर अजिबात मागे हटू नकोस. जो काही निर्णय होईल तो इतिवृत्तात कारणांसह लिहून घे. मंडळाने काढायचं ठरवलं, तर तुझं वेगळं मत त्याच इतिवृत्तात नोंदवायला लाव. नोकरी जाईल अशी भीती वाटत असेल तर ते साहजिक आहे, मलाही वाटली होती. अध्यक्षांशी मी बोलेन, पण तू सांगशील तेव्हाच. तुझ्या पाठीमागे नाही.

माझं सभासदत्व अजून चालू आहे. गुरुवारी दुपारच्या एसटीने येते. तोवर ती कादंबरी कोणी नेली नसेल तर माझ्या कार्डावर चढवून ठेव, आणि नेली असेल तर माझं नाव प्रतीक्षा यादीत लिही.

तुझी,
बाई