तीन दिवस लिस्बन, सोबत सत्तरीचे आई-वडील: काय बघावं, काय सोडावं?

मे महिन्यात आई-वडिलांना घेऊन तीन दिवस लिस्बनला जायचंय, ते पुरतील का, काय चुकवू नये, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ जोडली आहे: "की हेच तीन दिवस पॅरिसला वाढवावेत?" त्या ओळीमुळे मी उत्तर लिहायला बसले. २०१८ साली आमच्या घरी हाच वाद दोन महिने चालला होता, आणि माझ्या दादाच्या लेखी तो अजून मिटलेला नाही.

पुरतात. पॅरिस राहू द्या.

आधी गुडघ्यांचं बोलते, कारण लिस्बनमध्ये सगळं तिथेच येऊन थांबतं. शहर टेकड्यांवर आहे आणि पायाखाली चुनखडीच्या गुळगुळीत दगडांचे तुकडे. पाऊस पडला की ते शेवाळलेल्या पायरीसारखे निसटतात. नवे बूट घेऊन जाऊ नका, सवयीचे रबरी तळाचे न्या. राहायला आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत घर घेऊ नका, फोटो कितीही गोड असोत. बायशा किंवा रोसियूच्या आसपास, सपाटीवर राहा. आरक्षणाआधी एकच प्रश्न विचारा: इमारतीला लिफ्ट आहे का? जुन्या इमारतींना बहुतेक नसते.

चढ टाळायच्या युक्त्या आहेत, त्या कुणी सांगत नाही. बायशाहून शियादूला वर जायचं तर बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात शिरायचं आणि सरकत्या जिन्यांनी थेट वरच्या चौकात निघायचं. साओ जॉर्जच्या किल्ल्याकडे जाताना रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट. तिथून थोडं चाललं की दुसरी लिफ्ट, एका सुपरमार्केटच्या इमारतीतली. तेवढंही नको असेल तर फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची बस किल्ल्यापाशी सोडते. २८ नंबरची ट्राम दुपारी अजिबात पकडू नका. लाकडी डबा, माणसं कोंबलेली, म्हाताऱ्यांना उभं राहावं लागतं आणि खिसेकापूंचं तर माहेरच. हौस असेल तर सकाळी लवकर मार्तिम मुनिशला पहिल्या थांब्यावर चढा, म्हणजे बसायला मिळेल.

आता आमची गोष्ट, कारण "काय चुकवू नये" याचं माझं उत्तर तिच्यातच आहे.

आम्ही सावंतवाडी तालुक्यातले, बाबांचं बालपण बांद्याचं. बांद्यापासून पत्रादेवीची सीमा काही मैलांवर, पलीकडे तेव्हा पोर्तुगीज गोवा. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले सत्याग्रही त्या वाटेने आत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या चालल्या. बाबा बारा वर्षांचे होते. सत्याग्रहींना पाणी द्यायला जी पोरं उभी होती त्यांत ते होते, आणि संध्याकाळी परत आणलेली माणसंही त्यांनी पाहिली. त्यावर ते फारसं बोलत नाहीत. पुढे शिक्षक झाले आणि दरवर्षी वर्गात मोहन रानड्यांबद्दल मात्र न चुकता सांगत. सांगलीचा तरुण, गोव्यात सावईवेऱ्याला मराठी शिकवायला गेला, गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात शिरला, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. शिक्षा २६ वर्षांची. गोवा १९६१ ला मोकळा झाला, पण रानडे नाही. त्यांना आधीच पोर्तुगालला नेलं होतं. लिस्बनजवळ काशियासच्या किल्ल्यात ते जानेवारी १९६९ पर्यंत राहिले. इकडे त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी जिवाचं रान केलं. बाबूजींची गाणी घराघरात ऐकली जातात, हे काम किती जणांना ठाऊक आहे?

तर दादा जर्मनीत असतो, त्याने आई-बाबांना युरोप दाखवायचं ठरवलं. मी म्हटलं, लिस्बन घे. दादा म्हणाला, त्या वयात त्या टेकड्या कशाला, पॅरिस सपाट आहे. आणि बाबा म्हणाले, "त्यांच्या गावाक मी कित्याक जांव?" दोघांच्या विरोधात मी एकटी. आईने निकाल माझ्या बाजूने दिला म्हणून आम्ही गेलो.

पहिला दिवस बाबा गप्प होते. बेलेमला गेलो. (ट्रामने जाऊ नका, काइश दु सोद्रे स्टेशनावरून लोकल घ्या, काही मिनिटांत पोचता.) जेरोनिमोस मठाच्या चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. तो १५२४ ला कोचीत वारला, अस्थी नंतर इकडे आणल्या. मठाचं बांधकाम आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या साधारण ५ टक्के करातून झालं. दगडात दोर, पोवळी, पानंफुलं अशी कोरली आहेत की आई खांबावरून हात फिरवत राहिली. बाबा कबरीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, पैसा कुठून आला ते इथे लिहायला हवं. मला ते पटलं, आजही पटतं. पण त्याचा अर्थ येऊच नये असा होत नाही. येऊन बघावं, आणि पैसा कुठून आला ते आपण आपल्या पोरांना सांगावं.

संध्याकाळी हॉटेलजवळच्या भाजीवाल्याकडे फळं घ्यायला गेलो. बाबा एकेक पाटी वाचायला लागले. बटाटा. कोव्ह, म्हणजे आपली कोबी. अननस. पुढच्या फळीवर साबाऊं, म्हणजे साबण. शेजारी बाल्द, म्हणजे बादली. ते दुकानात तसेच थांबले आणि दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने बोलले, "अगो, ही तर आमच्याच बाजारातली यादी आसा!" मग हॉटेलवर येईपर्यंत चावी, पगार, लिलाव, नाताळ, इस्त्री, घमेलं असे शब्द मोजत आले. तुमच्या वडिलांना तुम्ही निघण्याआधी ही यादी करायला सांगा. कुठल्याही गाईडपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

दुसऱ्या दिवशी कार्मोला गेलो. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात या मठाचं छत कोसळलं आणि कमानी तशाच उघड्या ठेवल्या आहेत. समोरच्या चौकात मे महिन्याच्या शेवटाला जॅकरँडा जांभळा फुलतो. याच चौकातल्या छावणीत २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानो सैनिकांना शरण गेला. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवली, ती हीच क्रांती. तिथून उतरून कॅथेड्रलकडे गेलो, कारण मला बाबांना अल्जूब दाखवायचं होतं. पूर्वीचा राजकीय तुरुंग, २०१५ पासून संग्रहालय. कायतानोच्या आधीचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या गुप्त पोलिसांनी पोर्तुगीज विद्यार्थी, कामगार, लेखक तिथे डांबले. एकांतकोठड्या इतक्या अरुंद की हात पसरता येत नाहीत. बाबा आत जाऊन उभे राहिले. बाहेर आले आणि म्हणाले, "सालाझारान आपल्या माणसांकाय सोडूक नाय."

"त्यांच्या गावाक कित्याक जांव" या प्रश्नाचं उत्तर त्यांना तिथे मिळालं, मी काही समजावलं नाही. ज्या राजवटीने पत्रादेवीला गोळ्या घातल्या तिनेच या गल्लीतली पोरं उचलली होती. ती पडली त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व तहात मान्य केलं. रात्री जेवताना बाबा म्हणाले, उद्या काशियासला जाऊया.

तिसरा दिवस सिन्त्राचा, लिस्बनजवळच्या राजवाड्यांच्या गावाचा, ठरला होता, दादाने तिकिटं काढली होती. तो आणि आई सिन्त्राला गेले, मी आणि बाबा काइश दु सोद्रेहून काश्काइश मार्गाच्या लोकलमध्ये बसलो. काशियास स्टेशनावर उतरलं की समोर समुद्रकाठ आणि काठावर छोटासा देखणा किल्ला. बाबांनी फलाटावरूनच त्याला हात जोडले. मीही जोडले. मग कॉफीच्या टपरीवर विचारलं तेव्हा कळलं की तो साओ ब्रुनोचा किनारी किल्ला. तुरुंग तो नव्हे, तो आत, टेकडीवर, आणि आजही तुरुंगच आहे. त्या बाईंनी हाताने वरची दिशा दाखवली आणि बाबांच्या पायांकडे बघून मान हलवली.

आम्ही चालायला लागलो. चूक माझी, टॅक्सी आधी बोलवायला हवी होती. निम्मा चढ गेल्यावर एक मिळाली. वर एक लांब भिंत, तारा, चौकीदार. फोटो काढायचा नाही, थांबायचं नाही. ड्रायव्हरने रस्त्याच्या कडेला मिनिटभर गाडी उभी केली. बाबांनी काच खाली केली, भिंत बघितली, मग मागे वळून विचारलं, "हयसून समुद्र दिसता काय?" रस्त्यावरून खाली पाण्याची पट्टी दिसत होती. कोठडीतून दिसायची का, ते आम्हाला कोण सांगणार? बाबा परतीच्या लोकलमध्ये रानड्यांचा सगळा धडा, वर्गात सांगायचे तसा, मला म्हणून दाखवत होते. मी तो शाळेत असताना ऐकला होता तेव्हा कंटाळले होते.

रात्री त्यांचा डावा गुडघा सुजला. दादा तेव्हापासून म्हणतो की मी बाबांना लिस्बनला नेऊन तुरुंगाची भिंत दाखवली आणि सिन्त्राचे राजवाडे घालवले. गणपतीत जमलो की हा विषय निघतोच. म्हणून इथे लिहून ठेवते: सिन्त्राला रोसियूहून लोकलने चाळीसेक मिनिटं लागतात, त्यानंतर बसची रांग, मग राजवाड्याची रांग, मग चढ. आईला त्या दिवसाचं काय आठवतं विचारलं तर ती रांग सांगते. तीन दिवसांत म्हाताऱ्या माणसांना सिन्त्रा नकोच. दादा, हे वाचत असशील तर आईला विचार.

तुमच्या आई-वडिलांचा गोव्याशी संबंध आहे की नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर काशियासला जाऊ नका, बघण्यासारखं तिथे खरोखर काही नाही. मग तिसरा दिवस टाइल्सच्या संग्रहालयाला द्या. माद्रे द देउश या जुन्या मठात ते आहे आणि भूकंपाआधीचं अख्खं लिस्बन निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर रंगवलेली जवळपास २३ मीटरची पट्टी तिथे आहे. तीही नको वाटली तर काइश दु सोद्रेहून पलीकडच्या कासिल्यासची फेरी घ्या, दहा मिनिटांत तेजू नदी ओलांडून संध्याकाळी शहर समोरून बघा.

जेवणाचं थोडक्यात. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर परत न्यायला सांगा, कुणी रागावत नाही. शाकाहारी असाल तर काल्दु व्हेर्द हे कोबीवर्गीय पानांचं सूप सॉसेजशिवाय मागा. कॅफेत "शामुसा" दिसेल, तो आपला समोसाच, पण आत बहुधा मांस असतं, विचारून घ्या. लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. मंदिराचा समाज मुख्यतः मोझांबिकमार्गे आलेल्या गुजराती कुटुंबांचा आहे. बेलेमच्या १८३७ पासूनच्या प्रसिद्ध पेस्ट्रीच्या दुकानाबाहेर जी रांग दिसते ती पार्सलची असते. आत बसायच्या खोल्याच खोल्या आहेत, सरळ आत जा.

माझी माहिती २०१८ ची आहे हे लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्लोरिया फ्युनिक्युलरचा अपघात होऊन सोळा माणसं गेली, त्यामुळे उतारावरच्या जुन्या गाड्या आणि सांता जुश्ताची लिफ्ट सध्या चालू आहेत का ते निघण्याआधी बघा. बेलेमचा मनोरा दुरुस्तीसाठी बंद नाही ना, तेही बघा. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. प्रवासाचं ५० सेंटचं कार्ड माणशी एक लागतं, दोघांत एक चालत नाही. पैसे भरून ठेवले की मेट्रो, बस, लोकल, फेरी सगळीकडे चालतं.

आणि काशियासला गेलातच तर गाडीची पाटी बघून चढा, प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही. स्टेशनाबाहेर पडायच्या आधी टॅक्सी बोलवा. जाताना डाव्या बाजूला बसा, पाणी त्या खिडकीतून दिसतं.