४५ हजारांचं घड्याळ आणि सोफ्याभोवतीच्या फेऱ्या

ठाण्याच्या एका वाचकांनी विचारलंय: वय ४६, वडिलांना पन्नाशीत हार्ट अटॅक आला होता. सध्या अडीच हजारांचं स्मार्टवॉच आहे. आता ईसीजीवालं ४५ हजारांचं, १२ महिन्यांच्या 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यायचंय. बायको म्हणते, आहे तेच आधी काढून ठेवा. घ्यावं का?

नका घेऊ. वहिनींचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे.

आधी हिशेब. 'नो कॉस्ट'मध्ये व्याज असतंच, फक्त तेवढी सूट दिलेली असते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र तुमच्याच खिशातून जातो. १६ टक्के व्याजदर धरला तर हा जीएसटी साधारण ६६० रुपये, वर प्रोसेसिंग फी. रक्कम काही फार नाही, पण फुकट म्हणून घेऊ नका.

खरी अडचण वेगळी आहे. तुम्हाला भीती हार्ट अटॅकची आहे आणि नेमका तोच या घड्याळाला ओळखता येत नाही. मनगटावरचा ईसीजी ठोके अनियमित पडतायत का, एवढंच बघतो. कंपन्या स्वतःच तसं लिहून देतात, बारीक अक्षरांत. छातीत दुखलं तर घड्याळात बघत बसायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

तुम्ही लिहिलंय, रात्री पावणेदहाला घड्याळ थरथरतं, '८५० पावलं बाकी', आणि तुम्ही हॉलमध्ये सोफ्याभोवती फेऱ्या मारता. सकाळी झोपेचा स्कोअर ६२ दिसला की दिवसभर थकल्यासारखं वाटतं. अहो, दहा हजारांचा तो आकडा कुठल्या डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' होतं. तेव्हा नोटिफिकेशन बंद करा, रात्री घड्याळ चार्जिंगला लावा आणि झोपा. चालण्यापुरतं असू द्या, चालायला उठवतं हे खरंच आहे. (माझ्या हातात सध्या वडिलांचं चावीचं एचएमटी आहे. ते मला काहीच विचारत नाही.)

मला खटकली ती पत्रातली शेवटची ओळ: आरोग्य विमा फक्त कंपनीचा, ३ लाखांचा. नोकरी गेली की तोही गेला. आधी लिपिड (कोलेस्टेरॉल), शुगर, बीपी तपासून कार्डिओलॉजिस्टना एकदा भेटा. त्यांनी ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, तर घड्याळाचा विषय पुन्हा काढू, तोही रोखीने. उरलेल्या पैशांतून स्वतःची पॉलिसी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पीरियड (तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणजे आज घेतली तर एकोणपन्नाशीत मोकळे. फॉर्ममध्ये विचारलेलं काही लपवू नका, वडिलांचा आजारसुद्धा.

आणि कंपनीच्या पॉलिसीची प्रत पाठवा. हॉस्पिटलच्या खोलीभाड्याची मर्यादा किती आहे ते बघून टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च भरणारी पॉलिसी) पुरेल का ते सांगतो.