पायथनची फाइल थेट चालवली तर 'इम्पोर्ट: कमांड नॉट फाउंड' का येतं?

लिनक्स फाइलच्या नावाचं शेपूट बघतच नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) पहिले 2 बाइट वाचतो, तिथे #! असेल तर पुढे लिहिलेला इंटरप्रिटर (कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) सुरू करून त्याच्या हाती फाइल देतो. तुमच्या फाइलमध्ये ती ओळच नाही, म्हणून कर्नलने हात वर केले आणि बॅशने (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) ती आपलीच स्क्रिप्ट समजून चालवली; त्यातला 'इम्पोर्ट' कमांड म्हणून शोधला, तो सापडला नाही. (इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं सॉफ्टवेअर असतं तर 'इम्पोर्ट'ने चक्क स्क्रीनशॉट काढायला घेतला असता!)

अगदी पहिल्या ओळीत #!, लगेच एन्व्हचा (दिलेल्या नावाचा प्रोग्रॅम शोधून चालवणाऱ्या कमांडचा) पूर्ण पाथ, मग पायथन3 लिहा. थेट सिस्टिमच्या पायथनचा पाथ दिलात तर व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) बाजूलाच राहतं. फाइल विंडोजवर सेव्ह केली असेल तर ओळीअखेरचा अदृश्य कॅरेज रिटर्नही (विंडोज ओळ संपवताना टाकतं ते चिन्ह) 'पायथन3' या नावात धरला जातो. तो आधी काढा.