रंग लावायचा नाही, मुरवायचा

प्रश्न : मिडवेच्या लढाईतली (जून १९४२) 'एंटरप्राइझ' या अमेरिकन विमानवाहू नौकेची प्रतिकृती १:७०० मापात करतोय. डेक लाकडी म्हणून सागवानी रंग दिला. मित्र म्हणतो, तो निळा होता. निळा देऊन पाहिला तर खेळणं दिसतंय. काय चुकतंय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी मित्राला चहा पाजा, तो बरोबर आहे. फळ्या लाकडाच्याच होत्या, पण तो काही बैठकीतला दिवाण नव्हे. युद्धाआधी अमेरिकन डेक तांबूस असत, वर पिवळे पट्टे. आपल्या वैमानिकाला सोयीचे आणि शत्रूलाही! म्हणून १९४१ मध्ये निळसर करडं स्टेन आलं, नॉरफोकच्या नौदल गोदीचं, '२५०-एन'.

खरी गोम या 'स्टेन' शब्दात आहे. मी एकतीस वर्षं अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात डाइंग मास्तर होतो. रंग सुतावर नुसता बसला तर पहिल्या धुण्यात उतरतो. सुताच्या पोटात गेला तरच चादर टिकते. स्टेनही लाकडात मुरतं, वर पापुद्रा धरत नाही. मग ऊन, खारं पाणी, विमानांची चाकं त्याला फिकं करतात आणि खलाशी पुन्हा लावतात. एकसारखा रंग राहणार कुठून? तुम्ही जाड, सपाट निळा थापलात, म्हणून खेळणं झालं. माझी पहिली एंटरप्राइझ मी चकचकीत इनॅमलनं रंगवली होती. बायको म्हणाली, "हे झाकण कुठल्या डब्याचं?"

आता असं करा. खाली फिकट करडा अस्तर द्या. त्यावर निळा-करडा ॲक्रिलिक पाण्यासारखा पातळ करून तीन-चार हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर. कुंचला नौकेच्या आडवा फिरवायचा, कारण अमेरिकन फळ्या डावीकडून उजवीकडे होत्या. (जपानी 'हिरयू' केलीत तर उलट : फळ्या लांबीच्या दिशेनं, लाकूड न रंगवलेलं आणि पुढच्या भागात मोठा लाल गोळा.) एकेक फळी पेन्सिलीनं आखू नका. खरी फळी साधारण सहा इंच रुंद, म्हणजे तुमच्या मापात पाव मिलिमीटरही नाही. आखलीत की डेक पट्ट्यापट्ट्यांचा सोलापुरी टॉवेल दिसतो. मध्ये ठरावीक अंतरावर विमानं बांधायच्या पोलादी पट्ट्या असतात, त्या मात्र किंचित गडद ठेवा. लोखंडात रंग मुरत नाही, तिथे तो वरच बसतो.

छटा ट्यूबखाली जुळवू नका. या एका चुकीपायी आमच्या खात्यात अख्खे लॉट परत आलेत : ट्यूबखाली जुळलेली छटा गच्चीवरच्या उन्हात फसवते. दुसरी सवय मला स्वतःला मोडावी लागली. ओलं सूत गडद दिसतं नि वाळल्यावर फिकं होतं. ॲक्रिलिक नेमकं उलट, वाळून गडद होतं. म्हणून पुठ्ठ्यावर पट्टी मारा, वाळू द्या, मगच बोला. आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत उरका. दुपारी आपल्याकडे रंग कुंचल्यावरच वाळतो.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी १९७१ ची 'विक्रांत' करायची आहे. तिचाही डेक निळा का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नाही. तिचा डेक पोलादी, गडद करडा. तिथे मुरवायचं वगैरे विसरा आणि सरळ रंग द्या. वर सी हॉक आणि अलिझे विमानं ठेवा. फक्त ती मुंबईत संग्रहालय असतानाचे फोटो समोर ठेवून करू नका. त्यांत पुढे जो चढ दिसतो, तो नंतर सी हॅरियरसाठी बसवलेला. १९७१ मध्ये नाक सपाट होतं.