मानमंदिराचा निळा रंग कागदावर उतरवताना

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. घरी सहा रंगांचा इंकटँक प्रिंटर आहे. कागद बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात हे संगणकाला सांगणारी फाइल) उतरवून घेतलं आणि फोटोशॉपमध्ये तेच निवडतो. तरी ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचा पिवळसर दगड गुलाबी येतो, टाइल्सचा निळा-हिरवा रंग मरतो आणि सगळा फोटो लॅपटॉपवर दिसतो त्याहून काळपट निघतो. मूळ शाई संपल्यावर बाजारातली दुसरी भरली आहे. गणेशोत्सवात आमच्या मंडळात फोटो लावायचे आहेत. प्रोफाइल बनवायचं यंत्रच विकत घ्यावं का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : यंत्र आत्ता घेऊ नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत आणि बरंचसं काम पैसे न घालता होण्यासारखं आहे. मानमंदिराचे फोटो मीही वर्षानुवर्षं छापत आले आहे, त्यामुळे तो गुलाबी दगड माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

आधी दगडाचं बघू. लालसर-गुलाबी झाक आली की पहिला संशय दुहेरी रंग-दुरुस्तीचा घ्यावा. फोटोशॉप तुमचं प्रोफाइल लावून रंग बदलतं आणि मग प्रिंटरचा ड्रायव्हर (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) त्यावर पुन्हा स्वतःची दुरुस्ती करतो. फोटोशॉपला रंग सांभाळायला सांगितलं असेल, तर ड्रायव्हरमधलं कलर करेक्शन पूर्ण बंद हवं. कंपनीप्रमाणे नाव बदलतं, पण ‘ऑफ’ किंवा ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ अशा अर्थाचा पर्याय असतोच. तो निवडून तोच फोटो पुन्हा छापा. झाक गेली की नाही, हे रंगीत फोटोपेक्षा कृष्णधवल फोटोत लवकर कळतं, कारण करड्या रंगात शिरलेला परका रंग डोळ्यांना पटकन खुपतो.

तरीही झाक राहिली, तर शाईकडे वळा. प्रोफाइल नुसत्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमधलं कागदाच्या प्रकाराचं सेटिंग, या चौघांच्या एकाच जुळणीचं ते मोजमाप असतं. कागद कंपनीने ते मूळ शाई भरून काढलेलं असतं. तुमच्या टाकीत दुसरी शाई आली की त्यातले आकडे तुमच्या प्रिंटरला लागू पडत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की प्रदर्शनासाठी मूळ शाईच वापरा. दुसरी शाई वाईटच असते असं नाही, पण पुढच्या बाटलीतला रंग याच बाटलीसारखा असेल याची खात्री नसते, आणि ती खात्री नसेल तर प्रोफाइल बनवून उपयोग काय? आणखी एक, आपल्याकडे मे-जूनच्या कोरड्या हवेत प्रिंटर पडून राहिला की हेडमध्ये शाई सुकते. नोझल चेकमध्ये (प्रिंटर स्वतःच्या तपासणीसाठी छापतो त्या रेघांच्या नमुन्यात) एक रेघ जरी तुटलेली दिसली, तरी आधी हेड साफ करा. तोवर रंगांविषयी काहीही ठरवू नका.

काळपटपणाचा दोष बहुधा प्रिंटरचा नाहीच. लॅपटॉपचा उजेड पूर्ण ठेवून फोटो सुधारलात, तर कागदावर तो गडदच वाटणार. छपाईसाठी स्क्रीनची पांढरी जागा साधारण 80 ते 120 कँडेला प्रति चौरस मीटर इतकीच उजळ हवी. मोजायला काही नसेल, तर खिडकीतल्या उजेडात स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनवरचं पांढरं पान कागदाइतकंच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. पैसे खर्च करायचेच असतील, तर मॉनिटर कॅलिब्रेट करायचा कलरिमीटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं उपकरण) घ्या. दोघा-तिघा मित्रांत मिळून घेतला तरी चालतो.

आता टाइल्स. ती बदकांची रांग, ती केळीची झाडं... पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या संधीवर राजा मानसिंह तोमरांनी बांधलेल्या त्या भिंतीवरचा निळा-हिरवा आजही इतका ताजा आहे की तो कागदावर मेलेला बघवत नाही. कॅमेरा जेपीईजीवर आणि एसआरजीबीवर ठेवला असेल, तर त्या रंगाचा सर्वांत तेजस्वी भाग फोटो काढतानाच छाटला जाऊ शकतो. 1996 साली मांडलेली एसआरजीबी ही रंगकक्षा (दाखवता येणाऱ्या रंगांची ठरवलेली मर्यादा) तेव्हाच्या साध्या मॉनिटरसाठी होती आणि निळ्या-हिरव्या बाजूला ती तोकडी आहे. प्रिंटरची सायन शाई चांगल्या ग्लॉसी कागदावर तिच्या पलीकडचे काही रंग देऊ शकते. म्हणून रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, न छाटलेली मूळ नोंद) काढा आणि अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगकक्षेत 16 बिटवर (रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत) काम करा. तुमचा लॅपटॉप तो रंग दाखवणार नाही, पण कागद दाखवेल! याउलट संध्याकाळच्या आकाशाचा स्क्रीनवर चमकणारा गडद निळा कुठल्याच कागदावर तसा येत नाही. तो सॉफ्ट-प्रूफमध्ये (प्रिंट कशी येईल हे स्क्रीनवरच दाखवणाऱ्या सोयीत) बघून आधीच थोडा उतरवावा. छापताना दगडाच्या फोटोला रिलेटिव्ह कलरिमेट्रिक (कागदावर येऊ शकणारे रंग तसेच ठेवणारा पर्याय) आणि ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (गडद भागातला तपशील राखणारा पर्याय) ठेवा. टाइल्समधल्या छटा एकमेकींत मिसळत असतील, तर परसेप्च्युअल (सगळे रंग थोडे आवळून छटांमधला फरक राखणारा पर्याय) लावून बघा.

एवढं केल्यावरही समाधान झालं नाही, तर एकच कागद ठरवा आणि त्याचं प्रोफाइल बनवून घ्या. ज्याच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे छापलेले रंग मोजून प्रोफाइल बनवायचं ते यंत्र आहे, तो तुम्हाला शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता पाठवेल. अ‍ॅडोबीच्या मोफत कलर प्रिंटर युटिलिटीतून, कुठलंही रंग-व्यवस्थापन न लावता आणि आकार न बदलता तो छापा. त्या वेळचं कागदाचं आणि दर्जाचं सेटिंग लिहून ठेवा, पुढे प्रत्येक प्रिंट त्याच सेटिंगवर काढायची आहे. तक्ता एक दिवस उघड्यावर वाळू द्या आणि मगच पाठवा. मोजणीचा आर्गिलसीएमएस हा प्रोग्राम मोफत आहे, म्हणून घरीच करायचा मोह होईल. पण मॉनिटरचा कलरिमीटर इथे चालत नाही, कारण कागदावर टाकायला त्याच्याकडे स्वतःचा प्रकाश नसतो. दोन-चार कागदांसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटरचा खर्च मला तरी पटत नाही. दर महिन्याला नवा कागद वापरून बघत असाल, तर गोष्ट वेगळी.

शेवटची प्रिंट मंडळाच्या हॉलमध्ये, तिथल्याच दिव्यांखाली बघा. तिथल्या एलईडीखाली दगड खिडकीतल्या उजेडापेक्षा वेगळा दिसू शकतो. दिवे बदलता येत नसतील, तर त्या उजेडाला धरून फोटो किंचित उजळ किंवा उबदार करून छापावा.

प्रश्न : मी लॅबमधून प्रिंट काढतो. लॅबने स्वतःचं प्रोफाइल दिलं आहे. फाइल त्यात कन्व्हर्ट करून द्यावी का?
— एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : लॅबने तसं स्पष्ट सांगितलं असेल तरच. बऱ्याच लॅबची मशिनं येणारी प्रत्येक फाइल एसआरजीबी समजूनच छापतात, मग कन्व्हर्ट केलेल्या फाइलचे रंग बिघडतात. ते प्रोफाइल सॉफ्ट-प्रूफसाठी वापरा आणि फाइल एसआरजीबीमध्ये, प्रोफाइल एम्बेड करून (फाइलमध्येच जोडून) द्या. सोबत ‘ऑटो करेक्शन लावू नये’ असं लिहून द्या, नाहीतर ऑपरेटर मेहनतीने राखलेला संध्याकाळचा उजेड दुपारसारखा करून ठेवतो.