थेरपिस्ट रात्री स्वतःचं दुःख सांगू लागले, तर

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचे थेरपिस्ट हल्ली रात्री उशिरा मेसेज करतात, स्वतःच्या संसारातल्या कटकटी सांगतात, फी घेत नाहीत आणि आता क्लिनिकऐवजी कॅफेत भेटू म्हणतात. हे चुकीचं आहे की मीच जास्त विचार करतेय, असा तुमचा प्रश्न आहे. हे चुकीचं आहे. मी स्वतः समुपदेशन करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

थेरपिस्टने कोरडेपणाने वागावं असं कुणी म्हणत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात क्लायंट मंडईत भेटतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतात. म्हणून मी पहिल्याच सेशनला सांगून ठेवते, "बाहेर दिसलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन." संक्रांतीला कुणी तिळगूळ दिला तर घेते. साडी आणली तर परत करते आणि ती द्यावीशी का वाटली, यावर पुढच्या सेशनमध्ये बोलतो. गुथिल आणि गॅबार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९३ साली हाच फरक मांडला: चाकोरी थोडी सोडली तरी क्लायंटचं नुकसान होतंच असं नाही, शोषण झालं की मात्र ते उल्लंघन. मी एवढंच बघते, की हे कुणाच्या गरजेसाठी चाललंय?

तुमच्या बाबतीत ती गरज त्यांची आहे. रात्री अकराला त्यांच्या बायकोबद्दल ऐकून घेताना तुम्हीच त्यांच्या समुपदेशक झालात. फीचंही तसंच. परवडत नाही म्हणून ठरवून कमी केली तर गोष्ट वेगळी. न मागता बंद केली, की उपकाराचं ओझं येतं आणि मग कॅफेला 'नको' म्हणताना जीभ अडखळते.

'मलाही ओढ वाटली, म्हणजे माझीही चूक' हे तुमचं वाक्य वाचून फार वाईट वाटलं. जो माणूस आपलं सगळं शांतपणे ऐकून घेतो, त्याच्याबद्दल ओढ वाटणारच. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१५ मध्येच यावर लिहिलं आणि डॉक्टरने त्या प्रेमाला प्रतिसाद द्यायचा नाही, असं बजावलं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर उपचार संपल्यावरही किमान २ वर्षं शारीरिक संबंधांना मनाई आहे. सीमा सांभाळणं हे संपूर्णपणे थेरपिस्टचं काम आहे, क्लायंटचं नाही.

तक्रार केली तर ते माझ्या गोष्टी बाहेर काढतील, ही भीती खरी आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद त्यात आहेत. थेरपिस्टचा राग त्यात बसत नाही.

आता कॅफेत जाऊ नका. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. 'यापुढे सेशन नको, संपर्क करू नये' एवढंच लिहून कळवा. कारणं देत बसू नका. मग त्यांची नोंदणी तपासा. मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतील तर तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे. अनेक समुपदेशकांची यांपैकी कुठेच नोंद नसते, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे. तसं निघालं तर ते ज्या संस्थेत बसतात तिथे लेखी द्या. त्यांनी धमकी दिली असेल किंवा ते अंगचटीला आले असतील तर थेट पोलिसांत जा.

दुसरा थेरपिस्ट मिळेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो. आणि नव्या व्यक्तीला पहिल्याच भेटीत हा सगळा प्रकार सांगा. त्यावर ती कशी बोलते, यावरून तिच्याकडे पुढे जायचं की नाही, हे तुम्हाला ठरवता येईल.